आजीचे हात: तैलरंगात की जलरंगात?

आजी गेल्यावर तिचे हात मी दोनदा रंगवले.

आधी तैलरंगात. त्याच्या मुळाशी जवसाचं तेल, त्याच जवसाचं ज्याची चटणी ती उखळात कुटायची. हे तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. त्यामुळे दिवसचे दिवस मागे फिरता येतं. मनगटावरचं तुळशीचं गोंदण मी चारदा खरवडून पुन्हा काढलं, आणि दर वेळी तिचं आणखी काहीतरी आठवत गेलं.

जलरंगात ही सवड नाही. उजेड म्हणजे कागदाचाच पांढरा. एकदा झाकला की गेला. पण शेवटच्या दिवसांतली तिची पातळ कातडी, खालची निळी शीर इथंच उतरली.

अजिंठ्याच्या 16 नंबरच्या लेणीत नवऱ्यानं संन्यास घेतल्याचं कळून कोसळणारी सुंदरी आहे. लोक तिला 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात. कललेली मान, गळून गेलेलं अंग. तिच्यासमोर उभं राहिलं की मला आजीची खाट आठवते.

आठवत बसायला तैलरंगच बरे. मरण मात्र जलरंगात खरं वाटलं. भिंतीवर तेच लावलंय, उन्हापासून लांब. आपल्याकडच्या उन्हात रंग लवकर विटतात.