गज, कात्री आणि आठ रविवार: कॅम्पातल्या गुरबाणी वर्गाबद्दल

आधी निकाल सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार, आणि तो एक स्टार का कापला तेही खाली लिहिलंय.

वर्ग कसला तर गुरू ग्रंथ साहिब या शिखांच्या धर्मग्रंथातल्या पदांमधली (यालाच गुरबाणी म्हणतात) रूपकं कशी वाचायची, त्यांचा अर्थ कसा लावायचा. आठ रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, फी बाराशे रुपये, त्यात पुस्तिका आणि चहा. जागा पुण्यातल्या कॅम्पात, एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा हॉल. पार्किंगची आशा धरूच नका, मी पहिल्या रविवारी गाडी नेली आणि वीस मिनिटं नुसता फिरत होतो, नंतर सरळ वनाजहून मेट्रोनं पुणे स्टेशन आणि तिथून रिक्षा. गुरुमुखी येत नसली तरी चालतं, ओळी देवनागरीत छापून देतात. आम्ही बावीस जण होतो, निम्मे पंजाबी-सिंधी, निम्मे आपले मराठी.

शिकवणाऱ्या बाई मूळच्या नांदेडच्या, दखनी शीख म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इकडे दख्खनात राहिलेले शीख, सगळे त्यांना बीबीजी म्हणतात. मराठी एकदम तिकडची, कोणी भराभर अर्थ सांगायला लागलं की म्हणायच्या, "काका, घाई कशाला करायलाव, आधी वस्तू तर बघा." हे वाक्य आठ आठवड्यांत किती वेळा ऐकलं मोजलं नाही, पण अख्खा वर्ग त्याच्यावरच उभा आहे.

मी का गेलो ते सांगतो. आमचं घर शिंप्याचं. वडिलांचं दुकान रविवार पेठेत होतं, कपाटात त्यांचा कापड मापायचा लाकडी गज अजून आहे. नामदेव महाराज आपलेच, गाथा घरात लहानपणापासून, पण ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत हे मला कळलं 2015 साली, पंजाबात घुमानला 88वं साहित्य संमेलन झालं तेव्हा. तेव्हापासून डोक्यात होतं की ती पदं तिकडचे लोक कशी वाचतात ते एकदा नीट समजून घ्यायचं.

पहिल्याच रविवारी बीबीजींनी नामदेवांचं आसा रागातलं पद घेतलं, अंग 485. (ग्रंथ साहिबाच्या पानाला पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात, एकूण 1430.) ओळ अशी, मनु मेरो गजु जिहबा मेरी काती, मपि मपि काटउ जम की फासी. मन माझा गज, जीभ माझी कात्री, माप घेऊन घेऊन यमाचा फास कापतो. हॉलमध्ये सगळे माना डोलवत होते आणि मला एकदम दुकान दिसायला लागलं. बीबीजींनी विचारलं, शिंपी आधी काय हातात घेतो? मी म्हटलं गज. वडील नवीन पोराला पहिली गोष्ट हीच सांगायचे, गज ठेवल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही, कापड एकदा कापलं की परत जोडता येत नाही. मग त्या म्हणाल्या, आता ओळ परत वाचा. आणि मग माझ्या लक्षात आलं की नुसती जीभ चालवणं, म्हणजे तोंडानं नाम आणि मन तिसरीकडेच, ही गज न ठेवता चालवलेली कात्री आहे, तिनं फास कापला जात नाही, कापड वाया जातं फक्त. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, वर्गात बसून सुचलं, आणि बीबीजींनी ते फळ्यावर लिहून ठेवलं.

त्याच पदात पुढे सुइने की सूई रुपे का धागा. रुपे म्हणजे चांदी हे आपल्याला सांगावं लागत नाही, पंजाबी पोरं मात्र रूप-सौंदर्य समजत होती. माझी शंका वेगळी होती, सोन्याची सुई कापडात चालेल कशी, सोनं मऊ, वाकेल. बीबीजी हसल्या नाहीत, म्हणाल्या बरोबर प्रश्न आहे. नेहमीचा अर्थ असा की गुरूचा शब्द ही सुई आणि निर्मळ झालेलं चित्त हा धागा, आणि ही दुकानातली सुई नाही हे कळावं म्हणूनच ती सोन्याची. मग मी घरी जाऊन विचार करत बसलो की शिवताना सुई पुढे जाते आणि बाहेर पडते, कापडात राहतो तो धागाच.

आता एक महत्त्वाची गोष्ट, मराठी माणसाला या वर्गात फायदा पण आहे आणि धोका पण आहे. फायदा म्हणजे ओळखीचे शब्द. मनु, गजु, सबदु असे शेवटी उकार लावलेले शब्द बघून पंजाबी मंडळी विचारत होती हा उ कशाला, तर तो एकवचनी पुल्लिंगी नामाचा जुना प्रत्यय, गुरबाणी वाचताना बहुतेक ठिकाणी उच्चारत नाहीत पण अर्थ लावताना उपयोगी पडतो. आपल्याला हे ज्ञानेश्वरीमुळे माहितीय, देवा तूंचि गणेशु, सकलार्थमतिप्रकाशु. नामदेवांचं रामकली रागातलं पद तर, अंग 972, वाचताना घरचंच वाटतं, आनीले कागदु काटीले गूडी. आनीले म्हणजे आणिले!

आणि इथेच धोका. गूडी वाचल्याबरोबर आमच्यातले निम्मे म्हणाले गुढी, पाडव्याची. नाही. गुड्डी म्हणजे पतंग. पोरगं कागद आणतं, कापून पतंग करतं, आकाशात उडवतं, पाच मित्रांशी गप्पा चालू असतात आणि चित्त मात्र दोरीत असतं. गुढी धरली तर अख्खं पद कोसळतं, कारण गुढी उभी केली की तिच्याकडे लक्ष ठेवायला लागत नाही, पतंगाकडे लागतं.

तसंच अंग 485 वरच दुसरं पद, ईभै बीठलु ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही. एक वारकरी काका होते वर्गात, वारी चुकवत नाहीत, ते इतके खूश झाले, म्हणाले बघा ऊभै, म्हणजे उभा, विटेवर उभा. बीबीजींनी हात जोडले आणि हळूच सांगितलं, काका, ईभै म्हणजे इथे आणि ऊभै म्हणजे तिथे, इथे विठ्ठल तिथे विठ्ठल, विठ्ठलाशिवाय जगच नाही. काकांचा चेहरा उतरला. शीख वाचनात हा बीठल निराकार, सगळीकडे भरलेला, आणि काकांचा विठ्ठल सावळा, कर कटावर ठेवलेला. यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली, आवाज थोडे चढले पण कोणी कोणाला कमी लेखलं नाही. मला स्वतःला वाटतं की पद तिथे त्या ग्रंथात आहे तर आधी त्या ग्रंथाच्या बाजूनं वाचावं, मग घरी गाथा उघडून आपल्या विठ्ठलाला भेटावं. काका पुढच्या रविवारी आले हे मला जास्त आवडलं.

वाचायची एक किल्ली मिळाली ती अशी की पदात जिथे रहाउ लिहिलंय ती ओळ आधी शोधायची. रहाउ म्हणजे थांबा, आपल्याकडे अभंगाचं ध्रुपद असतं तसं, पदाचा मुख्य मुद्दा त्या ओळीत असतो आणि बाकीच्या ओळी त्याच्याभोवती. पतंगाच्या पदात रहाउची ओळ, मनु राम नामा बेधीअले, जैसे कनिक कला चितु मांडीअले, माझं मन रामनामानं वेधलंय, सोनाराचं चित्त त्याच्या कारागिरीत असतं तसं. ही ओळ हातात घेऊन मग पुढे जायचं, डोक्यावर घागरी घेऊन हसत-खिदळत येणाऱ्या पोरी आणि चित्त घागरीत, पाच कोसांवर चरणारी गाय आणि चित्त वासरात, कामात बुडालेली आई आणि चित्त पाळण्यातल्या बाळात. चित्रं सगळी वेगळी आणि धागा एकच. आमच्या शेजारच्या वहिनी होत्या वर्गात, त्यांचं बाळ आठ महिन्यांचं, सासूबाईंकडे ठेवून यायच्या, त्या दिवशी त्या दोन तासांत तीनदा फोन बघत होत्या आणि बीबीजी म्हणाल्या, बघा, पद समोर बसलंय.

सर्वात जास्त मी ज्यात रमलो ते रंगाचं रूपक. गुरबाणीत दोन रंग सारखे येतात, कसुंभा आणि मजीठ. कसुंभा म्हणजे करडईच्या फुलाचा लाल, आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात करडई असतेच, फूल दिसायला झकास, पण रंग उन्हात आणि साबणात टिकत नाही. मजीठ म्हणजे मंजिष्ठा, मुळीचा रंग, पक्का. मायेचा रंग कसुंभा आणि नामाचा मजीठ, इतकं कोणीही सांगेल. पण गुरू नानकांची तिलंग रागातली ओळ आहे, इहु तनु माइआ पाहिआ, यातला पाह म्हणजे काय हे कळल्याशिवाय मजा नाही. कापड रंगवायच्या आधी तुरटीसारख्या पदार्थात बुडवून काढतात, त्यानं रंग धाग्याला पकडतो, ती प्रक्रिया म्हणजे पाह. म्हणजे या देहाच्या कापडाला मायेचा पाह आधीच बसलाय, म्हणून लोभाचा रंग लगेच चढतो. नुसता रंग बदलून भागत नाही, आधी कशात बुडवलंय ते बघायला पाहिजे. आणि पुढे पदात बोलणारी बाई म्हणते माझ्या कंताला, म्हणजे नवऱ्याला, ही चोळी आवडत नाही. नामदेवांना तिकडे छीपा म्हणतात, म्हणजे कापड छापणारा, रंगवणारा, त्यांच्या पदातही रंगवणं आणि शिवणं दोन्ही एकाच ओळीत येतं, हे त्या दिवशी जोडून बघितलं आणि अंगावर काटा आला.

माहेर-सासरचं पण सांगायलाच हवं. आपल्याकडे पंढरी हे माहेर, देवाकडे जाणं म्हणजे माहेरी जाणं. गुरबाणीत उलटं आहे. हे जग माहेर, चार दिवसांचं, आणि परमेश्वर हा पती, त्याचं घर ते सासर, तिथे जायचंच आहे तर इथे असतानाच गुण शिकून घे. वर्गातल्या बायका यावर खूप बोलल्या, एक म्हणाली मला सासर म्हटल्यावर देव आठवणं कठीण आहे, आणि बीबीजींनी ते उडवून लावलं नाही, म्हणाल्या मग त्या ओळीतली भीती पण खरी धरा, नव्या नवरीला असते तशी.

जपजी म्हणजे ग्रंथ साहिबाच्या सुरुवातीची गुरू नानकांची रचना, तिची 38वी पउडी (कडवं), सोनाराची, पण छान झाली. संयम ही भट्टी, धीर हा सोनार, मती ऐरण, ज्ञान हातोडा, भय भाता, तप अग्नी, प्रेम भांडं, आणि या टांकसाळीत शबद, म्हणजे गुरूचा शब्द, घडतो. आपल्या नरहरी सोनारांचा देवा तुझा मी सोनार शेजारी ठेवून वाचलं, तिथे त्रिगुणांची मूस आहे. गगन मै थालु या गुरू नानकांच्या आरतीला पूर्ण एक रविवार दिला, तो मला जरा लांबला.

आता तक्रारी. पुस्तिका. शेवटी चार पानांचा तक्ता दिलाय, डावीकडे प्रतीक उजवीकडे अर्थ, मासा म्हणजे जीव, जाळं म्हणजे काळ, समुद्र म्हणजे परमात्मा. बीबीजी जे आठ आठवडे शिकवतात त्याच्या हा तक्ता बरोबर विरुद्ध. गुरू नानकांचीच ओळ घ्या, अंग 23, आपे माछी मछुली आपे पाणी जालु. तोच कोळी, तोच मासोळी, तोच पाणी, तोच जाळं. तक्ता घेऊन बसलं तर ही ओळ वाचताच येत नाही. आणि दोन पानांनी पुढे अंग 25 वर तेच गुरू नानक म्हणतात तू दर्या, मी मासोळी, मला तुझा अंत कसा लागणार. एका ठिकाणी मासोळी तोच, दुसऱ्या ठिकाणी मी. दोन्ही खरं.

दुसरी तक्रार सहाव्या रविवारची. बीबीजी गावाला गेल्या होत्या, आयोजकांनी दुसरे वक्ते आणले, त्यांनी दोन तास प्रत्येक ओळीतून यशस्वी कसं व्हायचं ते काढलं. धीर म्हणजे टार्गेट, भट्टी म्हणजे प्रेशर. मला फार वाईट वाटलं, राग आला खरं तर. तो रविवार रद्द करून पुढे ढकलला असता तर चाललं असतं. माइक पण दोनदा बंद पडला, आणि ऑनलाइन बसलेल्या चौघांना फळा दिसत नव्हता असं त्यांनी सांगितलं, त्यामुळे जमत असेल तर प्रत्यक्षच जा.

कोणी जावं? अभंग येत असतील तर नक्की, नामदेव गाथा बरोबर घेऊन जा. घरात कोणी सोनारकाम, शिवणकाम, रंगकाम केलेलं असेल तर अजूनच, तिथे तुमच्या बोलण्याला किंमत आहे. धर्माची तुलना करून कोण मोठं ठरवायचं असेल तर नका जाऊ, तिथे ते होत नाही. आठ आठवड्यांत सगळं कळेल असं नाही, आमची मोजून अकरा पदं झाली, पण अकरा नीट झाली.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. मी परत नाव दिलंय. तक्ता काढून टाका असं आयोजकांना लेखी कळवलंय, आणि बीबीजींनी मला पहिल्या रविवारी वडिलांचा गज घेऊन यायला सांगितलंय, पोरांना हातात द्यायला.