सोयाबीनचा भाव फुकट, बदल्यात गावाचे नंबर

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन कितीला गेलं, हे बांधावर बसून कळावं, एवढ्यासाठी हे बाजारभावाचं अॅप आहे. उदगीर, हिंगोली, जालना, परभणी सगळं सापडतं. किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर वेगवेगळे दिसतात. या कामाला पाचपैकी साडेतीन. पण अॅपचं मन रमतं ते दुसऱ्याच कामात.

उघडताच मोबाइल नंबर, ओटीपी आणि मग मागण्यांची रांग: काँटॅक्ट, लोकेशन, मायक्रोफोन. तुरीचा भाव सांगायला मायक्रोफोन कशाला? तर म्हणे ‘सेवा अधिक चांगली करण्यासाठी’. तूर काय बोलणार आहे, देव जाणे. काँटॅक्टला एकदा ‘हो’ म्हटलं की आडत्या, व्याही, ट्रॅक्टरवाला, जनावरांचा डॉक्टर असे सगळे वर्दीला हजर. त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. ग्रुपवर फिरणारी ‘प्रो’ एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायची अॅपची फाइल, तर मेसेजही मागते. प्ले स्टोअर अशा अॅपला ती परवानगी मागू देत नाही, म्हणून हा मागचा दरवाजा. बँकेचे मेसेज वाचता आले की खात्यात पैसा कधी पडला हेही कळतं. ही फाइल टाकूच नका.

गोपनीयता धोरण फक्त इंग्रजीत. वर ‘माहिती विकत नाही’, खाली ‘भागीदारांना देऊ शकतो’. भागीदार कोण, ते गुलदस्त्यात. आडत्या कडता, म्हणजे वजनातली कपात, कापतो, पण निदान हिशेबाची पट्टी तरी हातात देतो. प्ले स्टोअरवरचा ‘डेटा सुरक्षा’ रकाना वाचून निर्धास्त होऊ नका. तो कंपनीच भरते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 6 मध्ये नेमकं असंच उदाहरण दिलंय: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अॅपने काँटॅक्ट मागितले आणि माणसाने ‘हो’ म्हटलं, तरी संमती सल्ल्यापुरतीच धरायची. सल्ल्याच्या जागी तूर ठेवून वाचा.

अॅप ठेवायचंच असेल तर सेटिंग्जमध्ये अॅप्स, त्यात हे अॅप, मग परवानग्या. काँटॅक्ट आणि माइक बंद. लोकेशन ‘अॅप वापरतानाच’ ठेवा. अँड्रॉइड 12 किंवा पुढचं असेल तर ‘अचूक लोकेशन’ही काढा. तालुका हाताने निवडता येतो, भाव तेच दिसतात. मग गूगलच्या सेटिंग्जमध्ये ‘जाहिराती’त जाऊन जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, हटवा. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही, गेलेले नंबर त्यांच्या सर्व्हरवर तसेच राहतात. आधी अॅपमधून खातं हटवायची विनंती टाका. बटण ‘मदत’मध्ये तळाशी लपवलंय.

खासगीपणाला पाचपैकी अर्धा, तोही तालुका हाताने निवडू देतं म्हणून. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे दर लॉगिनशिवाय दिसतात. पान जुनाट आहे, पण व्याह्याचा नंबर मागत नाही.