मोफत बॉडी चेकअप आणि ३,२०० रुपयांचा गुडघापट्टा : एका काटेवाल्याचा अभिप्राय

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं काटे दुरुस्तीचं दुकान आहे, छत्तीस वर्षं झाली. आधी तराजू आणि पितळी वजनं होती, आता लोडसेलचे, म्हणजे आत वजनाचा भार ओळखणारा भाग असलेले, इलेक्ट्रॉनिक काटे. मोजणारं कुठलंही यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवतात. खालचं सगळं त्या खोडीतून आलंय, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मंगळवार पेठेतल्या एका कार्यालयात दोन दिवसांचं शिबिर होतं. 'मोफत संपूर्ण शरीर तपासणी, सुई नाही, रक्त नाही, मिनिटात रिपोर्ट.' आमच्या हिचे गुडघे दुखतात, साखरही आहे. शेजारच्या वहिनी जाऊन आल्या होत्या, त्यांनी भरीस घातलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. असली शिबिरं दर दोन-तीन महिन्यांनी नव्या फलकाखाली लागतातच, एकाचं नाव घेऊन काय करायचं?

व्यवस्था चांगली होती, ते कबूल. पंखे, खुर्च्या, आल्याचा कडक चहा, तोही दोनदा. टेबलावर अंबाबाईचा फोटो, त्याला ताजा हार, पुढं नारळ. बोलणारा पोरगा तिशीतला, सगळ्या बायकांना 'आई' म्हणणारा. आमच्या थोरल्यानं हिला इतक्या मायेनं कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

यंत्र म्हणजे लॅपटॉपला वायरनं जोडलेली धातूची एक कांडी. ती मुठीत धरायची. त्याआधी नाव, वय, उंची, वजन आणि बाई की पुरुष हे टाईप करायचं. इथंच माझे कान टवकारले. पारड्यात गूळ आहे का ज्वारी, हे काटा कधी विचारत नाही.

मिनिटभरात हिचा रिपोर्ट निघाला, ३८ पानांचा. यकृत, पित्ताशय, फुप्फुस, हाडांची घनता, जस्त, सेलेनियम. प्रत्येकापुढं तीन दशांश स्थळांपर्यंत आकडा. दशांश दिसला की माणूस गप्प बसतो, हे मला धंद्यातनं ठाऊक आहे. पण डिस्प्लेवर तीन दशांश दिसले म्हणून काटा तेवढा अचूक ठरत नाही. आकडे हवे तेवढे दाखवता येतात, आतल्या लोडसेलला तेवढं कळतंय का, हा प्रश्न वेगळा.

आमच्या धंद्यात काटा पास करायच्या साध्या रीती आहेत. रिकाम्या पारड्यावर शून्य दाखवतो का? तेच वजन पुन्हा ठेवलं तर तोच आकडा येतो का? वजन कोपऱ्यात सरकवलं तर फरक पडतो का? वैधमापनवाले, म्हणजे वजनं-मापं तपासणारे सरकारी लोक, दर वर्षी येऊन हेच बघतात आणि मग शिक्का मारतात. ऊसवाल्या जिल्ह्यात काटामारी म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगायला नको. साखर कारखान्याच्या काट्यावर शंका घेणारी माणसं आपण, मग स्वतःच्या काळजाच्या काट्यावर का घेत नाही?

दुसऱ्या दिवशी हिला परत घेऊन गेलो. तीच बाई, तीच कांडी. हाडांचा आकडा बदलला. फुप्फुसात काल 'सौम्य बिघाड' होता, तो रातोरात गेला आणि मूत्रपिंडात जाऊन बसला. पोराला विचारलं. म्हणाला, "शरीर रोज बदलत असतंय, काका." असं उत्तर मी गिऱ्हाइकाला दिलं असतं, की तुमचं पाच किलोचं वजन रोज बदलतंय, तर लक्ष्मीपुरीत मला कुणी दुकान चालवू दिलं नसतं.

मग एक मजा झाली. नव्यानं बघतो म्हणून पोरानं तिसऱ्यांदा तिची माहिती भरली, तेवढ्यात लेकीचा फोन आला. हिनं कांडी माझ्या हातात दिली आणि बाहेर गेली. पोरगा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होता. यंत्र चाललं. रिपोर्टवर नाव हिचं, मूठ माझी. माझं वय ६३. गर्भाशय सामान्य आहे, मासिक पाळीच्या चक्रात मात्र सौम्य बिघाड आहे म्हणे. तो कागद मी घडी घालून दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली ठेवलाय, कुणालाही बघायला मिळेल. शून्याची परीक्षा तेवढी राहिली. कांडी नुसती टेबलावर ठेवून यंत्र चालवू का, म्हटल्यावर पोरानं लॅपटॉप मिटला.

त्यानंतर तो जे बोलला त्यानं माझं खरं डोकं फिरलं. "शंका ठेवली की गुण येत नाही, आई. अंबाबाईवर ठेवता तशी श्रद्धा ठेवा."

मी नास्तिक नाही. माघात रविवारी जोतिबाचे खेटे घालतो, अनवाणी. आणि अंबाबाईचंच काढलंस म्हणून सांगतो, बाबा. किरणोत्सवाच्या तारखा आधी जाहीर असतात : नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. सूर्य दक्षिणेकडं सरकत जातो, २१-२२ डिसेंबरला टोक गाठून माघारी फिरतो. जाताना आणि येताना एकाच जागेवर मावळतो, म्हणून टोकाच्या अलीकडं साधारण ४२ दिवस आणि पलीकडं ४२ दिवस. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी हे मोजून बांधलं. आता ढग आले, धुरकं आलं, मध्ये कुणाची इमारत आडवी आली तर किरणं पोचत नाहीत. मग दुसऱ्या दिवशी पेपरात सरळ छापून येतं, की काल किरणं गुडघ्यापर्यंतच आली. भाविकांची श्रद्धा कमी पडली असं कुणी लिहीत नाही. ढग होते, असंच लिहितात. देवीच्या दारात चुकलेलं मोजमाप उघड सांगतात, आणि ह्या पोराचं यंत्र चुकलं की दोष हिच्या मनाला. तराजूचं एक पारडं हलकं असलं की त्याला खालून पासंग बांधतात. ह्यांनी पासंग म्हणून देवीला बांधली होती.

एवढं होऊनही हिनं शिबिरात विकायला ठेवलेला गुडघापट्टा घेतला. ३,२०० रुपये, दोन गुडघ्यांचे दोन, आत बारीक चुंबकं शिवलेली. माझ्याशी वाद घालायचा कंटाळा आला की ही पैसे काढून देते, जुनी सवय आहे.

आता मालाविषयी. कापड जाड, शिवण नीट, वेल्क्रो अजून धरतंय. गुडघा उबदार राहतो आणि आवळून धरला जातो. औषधाच्या दुकानात साधी नी-कॅप मिळते, तीही हेच करते, पैसे मात्र ह्याच्या पासंगालाही पुरत नाहीत इतके कमी. जादा पैसे चुंबकाचे. रक्तात लोह असतं आणि चुंबक ते खेचतं, असं त्यांचं म्हणणं. लोह असतं, पण हिमोग्लोबिनात बांधलेलं, खिळ्यासारखं मोकळं नाही. एमआरआयचं मशीन १.५ टेस्लाचं असतं, फ्रीजला चिकटवायच्या चुंबकाच्या शेकडो पट. त्यात अख्खा माणूस घालतात, तरी रक्त एका बाजूला गोळा होत नाही. पट्ट्यातलं चुंबक तर कापडाच्या दुसऱ्या पदराआडून टाचणी धड धरत नव्हतं. दुकानात बसून बघितलं.

हिला बरं वाटलं, हेही लिहायला पाहिजे. दोन आठवडे दुखणं कमी होतं. मी म्हटलं, सगळ्यात जास्त ठणकत होतं त्याच आठवड्यात आपण शिबिराला गेलो. असलं दुखणं चढतं तसं उतरतंही. शिवाय पट्टा बांधल्यापासून खाली बसून भाकऱ्या थापायचं बंद केलंस, ओट्यावर उभी राहून करतेस. त्यावर ही म्हणाली, "अहो, तुमचं सगळं खरं. पण पट्टा नसता तर मी ओट्याशी उभी राहिले असते काय?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही.

पट्ट्याचं मी हसण्यावारी नेलं असतं, पण साखरेचं नाही. त्या ३८ पानांत 'स्वादुपिंड : सामान्य' असं होतं. ते वाचून हिनं साखरेच्या गोळ्या अर्ध्या केल्या, मला न सांगता, वीस दिवस. उपाशीपोटीची साखर १३८ वरून २०६ वर गेली, तेव्हा कळलं. लेक बी.फार्म. आहे, फोनवरच तिनं दोघांना झाडलं. तिनं मग एचबीएवनसी ही साखरेची रक्ततपासणी करायला लावली. ती तपासणी मला धंद्यातल्या माणसाला पटली. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या काळात तिच्यावर साखर चिकटत जाते, म्हणून सकाळपुरतं गोड बंद करून गेलं तरी आकडा फसत नाही. रोजची कीर्द नव्हे, तीन महिन्यांची खतावणीच.

शिबिरात असंही ऐकवलं, की डॉक्टर लोक झाडपाला मानत नाहीत. लेक म्हणाली, "बाबा, सर्पगंधा विचारा त्यांना." रक्तदाबावर तिचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकिलांनी रुग्णांवर तपासून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, आणि सर्पगंधेतलं रिसर्पिन जगभर दिलं गेलं. झाडपालाच तो, पण काट्यावर चढला आणि शिक्का मारून घेतला.

कुणाला तक्रार करायची असेल तर १९५४ चा औषधं आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे, मधुमेह बरा करतो अशी जाहिरात त्यात चालत नाही. म्हणूनच पत्रकात मधुमेह हा शब्द कुठंच नव्हता. तो तोंडी होता. पत्रक जपून ठेवा, आणि बोलणं ऐकताना कुणीतरी सोबत असू द्या.

पाचपैकी एक तारा देतो, आल्याच्या चहाला. पट्टे फेकले नाहीत. ही थंडीत बांधते. चुंबकं मी शिवण उसवून काढून घेतली. दुकानात काटा उघडला की बारीक स्क्रू सांडतात, ते उचलायला बरी पडतात. लोखंडाचेच उचलतात, पितळेचे मलाच वाकून गोळा करावे लागतात.