घाटाचा डोंगर: थर्माकोल की प्लास्टर?

मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या 1:87 आकारात, शंभर मीटरचा डोंगर सव्वाशे नाही तरी 115 सेंटिमीटर उंच होतो. घरात एवढा कोण ठेवणार? म्हणून उंची कमी करायची आणि कातळ मात्र खरा दिसला पाहिजे.

थर्माकोल हलका, टेबल हलवताना कंबर मोडत नाही. त्याचे पत्रे एकावर एक चिकटवले की सह्याद्रीतल्या बेसाल्टच्या आडव्या पायऱ्या आपोआप मिळतात. पण कापताना पांढरे दाणे घरभर, आणि स्प्रे पेंट थेट मारला तर डोंगर विरघळतो. गोंद पांढरा फेव्हिकॉलच, रंग पाण्याचा.

दुसरा मार्ग दिवाळीच्या किल्ल्याचा: गोणपाटाऐवजी जाळी, चिखलाऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेलं कापड. उतार सुंदर येतात, भेगा कोरता येतात. मात्र वजन वाढतं, प्लास्टर काही मिनिटांतच आवळतं, नंतर बोगदा रुंद करायचा तर फोडाफोडी.

मी आतून थर्माकोल ठेवतो, वर प्लास्टरचा पातळ थर. त्यावर काळपट-तपकिरी पातळ रंग ओघळू द्यायचा. हिरवा जपून वापरा. उन्हाळ्यातला घाट पिवळाच असतो.