पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन: नऊ महिने वापरल्यावर

बाबांनी घेतलेली १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आम्ही अजून चालवतो. १०८९ सीसीचं मूळ इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, गिअर स्टिअरिंगला. गेल्या दिवाळीत डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) सी.बी. पॉईंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि त्या पॉईंटला जपणारा कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं. तेव्हापासून साताऱ्यात आणि आसपास २,६०० किलोमीटर झाले. अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा काढलाय, त्यामुळे आता खात्रीने लिहू शकतो.

त्याआधी सप्टेंबरमध्ये गाडी स्टार्टच होत नव्हती. पावसाळाभर उभी होती. स्टार्टर मारला की इंजिन जड जड फिरायचं, पण पकडायचं नाही. मिस्त्री आले. कशालाही पाना लावायच्या आधी त्यांनी कॉईलकडून (बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा भाग) येणारी मधली वायर डिस्ट्रिब्युटर कॅपमधून उपसली, रबरी मुठीच्या पक्कडीत धरून तिचं टोक ब्लॉकपासून जरा लांब ठेवलं आणि म्हणाले, "दादा, मारा स्टार्टर." ठिणगी पडली, पण पिवळट आणि बारीक. करंट चांगला असला की ती निळी पडते आणि टचटच आवाज येतो. कॅप उघडली तर पॉईंटच्या एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला तेवढाच उंचवटा. कंडेन्सर कमजोर असला की धातू असा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. पॉईंट घासला, कंडेन्सर नवा टाकला, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) अठरा थाऊ, म्हणजे इंचाचे अठरा हजारांश, गॅप ठेवला, आणि गाडी लागली. पंधरा दिवसांनी पुन्हा बंद. तो नवा कंडेन्सरही गेला होता. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर हे सामान कुठेही मिळायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली शेवटची टॅक्सी बंद झाली. आता सामान मिळालं तरी चांगलं निघेल याचा भरवसा नाही. म्हणून किट घेतलं.

बसवायला दीड तास लागला. रोटरखाली (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) मॅग्नेटची रिंग, पॉईंटच्या जागी सेन्सर, दोन वायरी कॉईलला. वायरींची उलटापालट झाली तर मॉड्यूल (किटचा इलेक्ट्रॉनिक भाग) जळतं, तेवढं जपायचं. नंतर टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडायची ते) नव्याने लावावं लागतं, ते टाळू नका.

फरक पहिल्याच थंडीत जाणवला. सकाळी चोक ओढायचा, दुसऱ्या फेरीत इंजिन लागतं. आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं फिरणं) एकसारखं झालं. नऊ महिन्यांत गॅप लावायला एकदाही कॅप उघडली नाही.

पण फेब्रुवारीत एका लग्नाला निघताना गाडीने दगा दिला. बॅटरी थोडी उतरली होती. पॉईंटवर असताना अशा वेळी चार जणांनी ढकललं की काम व्हायचं. या किटला मात्र ठरावीक व्होल्टेज लागतं, त्याखाली ते ठिणगीच देत नाही. मिस्त्रींनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ब्लॉकला लावून स्टार्टर मारायला सांगितलं. दीड व्होल्टच्या वर दाखवलं! तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं. इंजिनकडून चासीला जाणारी, करंट बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची पट्टी आतून हिरवी पडली होती. पट्टी बदलली, खालचा पत्रा घासून चकचकीत केला, आणि इंजिन पूर्वीसारखं झपाट्याने फिरायला लागलं. सप्टेंबरमध्ये ते जड का फिरत होतं ते मला तेव्हा कळलं. कंडेन्सर खराब होता हे खरं, पण किटचे पैसे मोजण्याआधी ही पट्टी बघायला हवी होती.

मे महिन्यात पसरणी घाटात गाडी बंद पडली, तेव्हा मी किटलाच दोष दिला. करंट बघितला तर कडक निळा. पेट्रोल फिल्टर मात्र रिकामा! टाकीतून पेट्रोल खेचणारा पंप तापून पेट्रोलची वाफ झाली होती. पंपावर ओलं फडकं ठेवलं, पंधरा मिनिटं थांबलो, मग लागली. घरी येऊन बघितलं तर पंपाकडची रबरी नळी फुगून मऊ पडली होती. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) दोन्ही इथेनॉलला टिकणारे घातले. जुन्या गाडीवाल्यांनी किट घ्या न घ्या, हे काम आधी करा.

जुलैत कासच्या धुक्यात कॅपमध्ये आतून दव धरलं, तेव्हाही गाडी लागली नाही. त्यावर कुठल्याच किटचा इलाज नाही. कॅप आणि रोटर कोरड्या फडक्याने पुसले, लगेच लागली.

मी किटला पाचपैकी चार देईन. जुना पॉईंट प्लेटसकट, एक चांगला कंडेन्सर आणि फीलर गेज डिकीत ठेवलंय. किट गेलंच तर रस्त्यात अर्ध्या तासात जुनी जोडणी करता येते. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसू नका, कॉईल तापते आणि मॉड्यूलही जाऊ शकतं. आम्ही रेडिओची वायर थेट बॅटरीवरून वेगळा फ्यूज घालून घेतली आहे.