दुर्मिळ ‘बिट सीडी’च्या नावाखाली खोटा पेन ड्राइव्ह, आणि वरून पोलिसाची भीती

आधीच सांगतो, विषय मोठ्या माणसांच्या पिक्चरचा आहे, ज्याला अवघड वाटतंय त्यानं पुढं जावं. पण हा शौक असणारे लातूर-नांदेड-परभणी पट्ट्यात बरेच आहेत हे मला पक्कं माहिताय, त्यांच्यासाठी हे लिहायलोय.

मी जुन्या बिट सीड्या जमवतो. व्हीसीडीच्या जमान्यात व्हिडिओ पार्लरवाले मॉर्निंग शोच्या ‘ए’ पिक्चरमधले गरम तुकडे काढून एका सीडीत चिकटवायचे, कव्हर नाही काही नाही, वर मार्करनं ‘मिक्स ४’ नायतर नुसती फुलीची खूण. एका सीडीत ७४ नाहीतर ८० मिनिटंच बसतात म्हणून अख्ख्या पिक्चरपेक्षा असा माल भाड्यानं जास्त जायचा. मला बघण्यापेक्षा शोधण्यात जास्त मजा येते, म्हणजे हा तुकडा कुठल्या पिक्चरचा, सेन्सॉरनं पास केलेला का टॉकीजवाल्यानं मधीच घुसडलेला, डबिंग मूळचं का नंतरचं. कधी कधी तुकड्याच्या तोंडाला सेन्सॉर सर्टिफिकेटची पाटी तशीच राहिलेली असती, त्याच्यावर रिळं किती आणि लांबी किती मीटर हे असतंय, तेवढ्यावर पिक्चर सापडतो. असलं काही सापडलं की दोन दिवस जेवण गोड लागतंय. घरी बायकोला माहिताय, ती म्हणती लोक जुनी नाणी जमवतात, तुम्ही हे जमवा.

तर एका चॅट ॲपवर एकजण भेटला. म्हणला दादा, बंद पडलेल्या पार्लरचा सगळा माल माझ्याकडं आहे, ओरिजिनल सीडीवरून जशाच्या तशा फायली काढल्यात, २ टीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये भरून देतो, साडेसहा हजार. बोलणं एकदम जाणकाराचं, सर्टिफिकेटच्या पाटीचं त्यानंच काढलं. यादी पाठवली तर डोळे फिरले, मी कित्येक वर्षं शोधायलोय त्यातली नावं होती. आता कळतंय की ती नावं त्यानं आमच्याच लोकांच्या ‘कुणाकडं आहे का’ असल्या मेसेजमधून गोळा केलेली, म्हणजे गिऱ्हाइकानं काय मागितलं तेच यादीत टाकायचं. आधी अर्धे घेतले, मग पॅकिंगचे, मग म्हणे कुरिअरवाला असला माल घेत नाही त्याला वेगळे द्यावे लागतात.

पेन ड्राइव्ह आला बरं का, हे विशेष. लावला, २ टीबी दाखवतोय, फोल्डर दाखवतोय, प्रत्येक फाइलीची साइज पण बरोबर. सुरुवातीच्या काही फायली चालल्या, पुढच्या एकही नाही. काळी स्क्रीन. त्याला विचारलं तर म्हणतोय प्लेअर बदला, कोडेक म्हणजे व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर टाका, तुमचा लॅपटॉप जुना आहे.

खरी भानगड अशी की ह्या पेन ड्राइव्हच्या आतली चिप खोटं बोलती. आत असतंय ३२ जीबी, पण कॉम्प्युटरला सांगती २ टीबी. फायलींच्या नावांचा तक्ता ड्राइव्हच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो म्हणून नावं आणि साइज सगळं दिसतंय, पण जागा संपल्यावरचा माल एकतर जुन्यावर चढतो नाहीतर हवेत जातो. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवाल्यांसाठी एफ३, ते अख्खा ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं आणि खरी जागा किती ते सांगतं. मी आतलं सगळं आधी दुसरीकडं काढून ठेवलं मग टेस्ट लावली, तीस जीबीच्या आतच गाडी थांबली.

आणि ज्या चालत होत्या त्या तरी कुठं खऱ्या. खरी व्हीसीडी असली की सीडीत एमपेगएव्ही नावाचं फोल्डर आणि आत एव्हीएसईक्यू०१ डॉट डॅट अशी फाइल असती, चित्र एमपेग-१, आपल्याकडच्या पाल (आपली टीव्हीची पद्धत) सीडीत ३५२ बाय २८८, सेकंदाला २५ फ्रेम. नाव त्यानं बरोबर तेच दिलेलं, पण मीडियाइन्फो नावाच्या, फाइलीची आतली माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर चित्र एच.२६४ ह्या नंतरच्या पद्धतीचं, १२८० बाय ७२०, ३० फ्रेम. एच.२६४ आलंच २००३ मध्ये आणि हा म्हणतोय ९८ च्या सीडीवरून जशीच्या तशी. कुणी नंतर कन्व्हर्ट केली तर तसं सांगून विकावं ना. उजव्या कोपऱ्यात एक धुरकट चौकोन होता, कुठल्यातरी साइटचा लोगो पुसलेला, म्हणजे फुकटात दिसणारा माल उचलून नावं बदलून दिलता.

पैसे परत दे म्हणल्यावर गडी दोन दिवस गप. मग व्हॉट्सॲपवर कॉल, डीपीला पोलिसाचं चिन्ह, हिंदीत म्हणतोय दिल्ली सायबर सेलमधून बोलायलोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अश्लील माल सापडला, कलम ६७ए, पाच वर्षं जेल आणि दहा लाख दंड, एकवीस हजार भरून एनओसी घ्या नाहीतर घरच्यांना नोटीस जाईल. पीडीएफ पण आली, वर तीन सिंह, खाली ‘गिरफ्तारी’चं स्पेलिंग चुकलेलं. आणि पत्त्यात माझ्या गल्लीचं नाव जसं मी त्या विक्रेत्याला लिहून दिलं होतं त्याच चुकीसकट. तिथंच समजलं दोघं एकाच ताटातले.

कलम खरं आहे, आयटी कायद्यातलं, शिक्षा पण पहिल्या वेळेला तेवढीपर्यंत होऊ शकती, पण ते कलम असला माल इलेक्ट्रॉनिक मार्गानं प्रसिद्ध करणाऱ्याला, पाठवणाऱ्याला आहे. एकट्यानं खासगीत बघणं हा अश्लीलतेच्या कलमाखाली गुन्हा नाही असं केरळ हायकोर्टानं २०२३ मध्ये म्हणलंय. लहान पोरांचं काही असलं तर मात्र गोष्टच वेगळी, तिथं नुसतं जवळ ठेवणं, बघणं पण गुन्हा होऊ शकतो हे सुप्रीम कोर्टानं २०२४ ला सांगितलंय, आणि सांगायलाच पाहिजे होतं. म्हणून असले न बघता घ्यायचे गठ्ठे मला आता नकोच, आत कोण काय कोंबलंय देव जाणे. आणि यूपीआयवर एनओसीची फी घेणारे पोलीस कुठंच नसतात.

मी नाही भरले. पण ह्याच माणसाकडून घेतलेले दुसऱ्या तालुक्याचे एक गुरुजी आहेत, त्यांनी भरले, परत भरले, कारण त्याच्याकडं त्यांच्या मुलीचा नंबर होता. किती गेले ते मला सुद्धा सांगंनात. तक्रार करा म्हणलं तर म्हणतात भाऊ, शाळेत तोंड कसं दाखवू. ह्या लोकांचा धंदा व्हिडिओवर चालतच नाही, तो ह्या वाक्यावर चालतो.

१९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार टाकली. तिथं आर्थिक फसवणूक हा प्रकार निवडायचा, २ टीबी सांगून ३२ जीबीचा ड्राइव्ह दिला एवढं लिहिलं तरी चालतं, आणि धमकीचे कॉल वेगळे लिहायचे. सायबर ठाण्यात गेलो तेव्हा घसा कोरडा पडला होता, काय होतं त्यात असं विचारलं तर काय सांगायचं. तिथल्या ताईंनी मान वर पण केली नाही. “आत काय होतं राहू द्या, यूटीआर आणलाय का?” तो बारा आकडी नंबर पेमेंटच्या हिस्ट्रीत असतो, प्रत्येक पेमेंटचा वेगळा, सगळे लिहून न्या. चॅट डिलीट करू नका, शरमेनं आधी तेच करतात लोक. खातं गोठवलंय म्हणाल्या, माझे पैसे अजून आले नाहीत, लवकर कळवलं असतं तर अडकायची शक्यता जास्त असती हे त्यांनीच सांगितलं.

तो गडी सध्या नाव बदलून जुन्या तमाशाच्या आणि भारुडाच्या कॅसेटचा गठ्ठा विकायलाय, परत २ टीबी, परत साडेसहा हजार. यादीत सगळ्यात वरती तुम्ही नुकतंच कुठंतरी मागितलेलं नाव दिसलं तर तोच आहे.