बंदुकीचं दुकान: काम चोख, फक्त फोन उचलत नाई

आमच्या घरी बाबांच्या जमान्यातली एकनळी बारा बोअर आहे, पीक राखणीच्या लायसनची. बाबा सत्तरीचे झाले तं नियमात बसते म्हणून माझ्या नावावर केली, त्या कागदांची कथा वेगळीच. दुकानाचं नाव टाकत नाई, जिल्ह्यात ज्याच्याजवळ लायसन आहे त्याले ते माहीतच आहे.

2024 च्या विधानसभेले बंदूक जमा करा म्हणून निरोप आला. बराबर कापूस वेचणीवर, तूर फुलावर, अन् डुकरं रोज रात्री वावरात! लोकसभेले ठाण्यात ठेवली होती तं नळीत गंज घेऊन परत आली, म्हणून यावेळी दुकानात ठेवली. पावतीवर नंबर तं लिहलाच, पण कुंद्यावरचा जुना ओरखडाही लिहला. 23 नोव्हेंबरले निकाल लागला, डिसेंबरात आणायले गेलो तं नळी आतून आरशावानी, ढिला घोडाही बसवून देला. सहाशे घेतले, मले जास्त नाई वाटले. (डुक्कर मी एकही मारलं नाई बरं, त्याले वनखात्याची परवानगी लागते.)

सोबत पुतण्या होता, तो म्हणे काका, एवढ्या कागदापेक्षा गावठी कट्टा स्वस्त पडते. दुकानदार म्हातारा माणूस, त्यानं तेलाचा बोळा खाली ठेवला अन् म्हणे, "बाबू, बिनलायसनचा नुसता कमरेले सापडला तरी कमीत कमी दोन वर्षाची सजा, पाचपर्यंत जाते. 2019 च्या आधी एक ते तीन होती. अन् कट्ट्याची किंमत दुकानात नाई, वकिलाकडे समजते." मले आमच्या बाजूच्या गावातलं घर आठवलं. पोरानं कट्टा चालवलाही नव्हता, स्टेटसले फोटो टाकला होता फक्त. जामीन, तारखा, जेलात मनीऑर्डर, मायचं भेटीले एस.टी.नं जाणं, बापानं रोडच्या काठचं दोन एकर विकलं अन् केस अजून चालूच आहे. पुतण्या येतानी गाडीत काही बोलला नाई.

एक स्टार कापतो तो काडतुसांसाठी. संपली होती, पंधरा दिवसांनी या म्हणे, पंधरा दिवसांनीही आली नव्हती. फोन कोणी उचलत नाई, अन् येऊन-जाऊन 90 किलोमीटर. चार स्टार.

जाचं असन तं लायसनचं ओरिजनल बुक घेऊन जाजा, झेरॉक्सवर तो काडतूस दाखवत बी नाई.